वॉल्टर हॅलिवेलचा दहावा

२००६च्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी गुरुनाथने सकाळीच भात शिजवला, त्याचा गोळा वळून डब्यात भरला आणि सायकल काढली. बेस्ट या डच गावात अशा वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ऑफिसातल्या कोणाला कळलं असतं, तर त्याला वेड्यातच काढलं असतं.

भात वॉल्टर हॅलिवेलसाठी होता. हा गडी मूळचा लँकेशायरच्या कापडगिरणीतला. फुटबॉल खेळायचे उघडउघड पैसे घेणारे जे पहिलेवहिले इंग्रज, त्यांतला एक. सभ्य मंडळींनी नाकं मुरडली, पण त्याचा डावा पाय बघायला शनिवारी गावं लोटायची. मग गुडघा गेला, आणि ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं ते ओळखही दाखवेनात. तेव्हा इथल्या क्लबाने पोरांना शिकवायला त्याला बोलावलं. दोन वर्षांसाठी म्हणून आला आणि इथेच मेला. हे सगळं क्लबातल्या म्हाताऱ्या यानने गुरुनाथला बिअर पाजून सांगितलं होतं. या देशात गुरुनाथशी कामाशिवाय बोलणारा तो एवढा एकच माणूस.

इथे थडग्याला मुदत असते. हॅलिवेलची संपली होती, वारस कोणी नव्हता, आणि सोमवारी त्याची हाडं काढून दुसरीकडे पुरणार होते. त्याच सोमवारी गुरुनाथ कायमच्या नोकरीच्या कागदावर सही करणार होता. तोही दोनच वर्षांसाठी आला होता. आता पाचवं चालू होतं. जूनमध्ये आई गेली, तेव्हा परमिट अडकलं म्हणून त्याला निघताच आलं नाही. नाशिकला दहाव्याच्या पिंडाला कावळा काही केल्या शिवेना. धाकटा यशोधन "दादाला मी परत आणतो" म्हणाला, तेव्हा कुठे शिवला. फोनवर हे ऐकून गुरुनाथ चक्क हसला होता.

त्याने थडग्यापुढे भात ठेवला आणि मागे सरला. समोरच्या झाडावर कावळा होता, चांगला खाऊनपिऊन सुखी. तो ढिम्म हलेना.

"यान तुम्हाला विसरायचा नाही," गुरुनाथ मराठीतच म्हणाला. पिंडापुढे त्याच्या तोंडून इंग्रजी निघेना.

कावळा बसलेलाच.

"क्लबाच्या कॅन्टीनमध्ये तुमचा फोटो आहे. तो मी काढू देणार नाही."

कावळ्याने पंख खाजवले. गुरुनाथ भडकला. मेल्या, आणखी काय हवंय तुला? पण हॅलिवेलला काय हवं असेल, ते त्याला दफनभूमीत पाऊल टाकल्यापासून ठाऊक होतं. ते द्यायला आता फार उशीर झाला होता.

"तुमचं राहून गेलं, साहेब," तो म्हणाला. "मी सही नाही करत. मी जातो घरी. आई नाही, तरी जातो."

कावळा खाली उतरला, भाताभोवती एक चक्कर मारली आणि चोच घातली.

गुरुनाथ ओल्या गवतातच मटकन बसला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडला.