लाल बुश

“पप्पा, मी सिद्धूसंगं पळून जाऊन लगीन करू का?”

संयोगितानं हे विचारलं तेव्हा तिचे पप्पा, जोतीराम, गॅरेजमध्ये एका गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते आणि त्यांची पाठ तिच्याकडं होती. आवाज तिनं मुद्दाम नेहमीचाच ठेवला होता. ठरलंच होतं तसं. तिच्या मागं अरिबा आणि क्रांती तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. पैज अरिबाची. “तुझ्या पप्पांना ऐकू येत न्हाई, माझा दादा म्हणतो,” असं ती शाळा सुटल्यापासून घोकत होती आणि संयोगिता म्हणत होती, “जा गं, त्यांना इंजिनाच्या पोटातलं ऐकू येतं.” प्रश्न क्रांतीनं निवडला. सिद्धूही तिनंच निवडला, कारण दहावीत येऊनही बाहीला नाक पुसणारा वर्गात तो एकटाच होता.

जोतीराम वळले नाहीत. पाना फिरवता फिरवता म्हणाले, “व्हय व्हय, करा की. आईला इचारा.”

क्रांती हसता हसता खालीच बसली. “अगं, पत्रिका छापायला टाका!” अरिबा ओरडली. गाडीमालकाच्या सोबत येऊन बाकावर बसलेल्या सुलाबाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला. “आगं बया! मला आसला बाप मिळाला आसता तर काय पायजे हुतं!”

संयोगिता सगळ्यांत मोठ्यानं हसली. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला वाटायला लागलं होतं, की जगात कुणालाही काहीही विचारता येतं. हसता हसताच तिचं लक्ष पप्पांच्या मानेकडं गेलं. घामानं चिकटलेले पांढरे केस, मळकी कॉलर. तीन पोरी आणि एक म्हातारी एवढ्या खिदळत होत्या, पण ती मान काही हलली नव्हती. ‘काय झालं गं?’ म्हणूनसुद्धा नाही.

रेडिओ मात्र जोरात चालू होता. तो नेहमीच जोरात असायचा. गिऱ्हाइकाचं काही निसटलं, की पप्पा रेडिओकडं बोट दाखवून म्हणायचे, “ह्याच्या आवाजात कळलं न्हाई बगा.” संयोगिताला आज पहिल्यांदा वाटलं, की मग ते तो बारीक का नाही करत?

कोरेगावात जोतीरामांना सगळे मेजर म्हणत. खरं तर ते हवालदार म्हणून रिटायर झाले होते, पण या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. सारी नोकरी रणगाड्यांच्या वर्कशॉपात गेली. परत आल्यावर त्यांनी सातारा रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि गाडीची चाकाखालची कामं करण्यात नाव कमावलं. इंजिनाला लोक दुसरीकडं जात, पण गाडी खड्ड्यात खडखडायला लागली की मेजरकडं येत.

त्या दिवशी आलेली गाडी सुलाबाईंच्या मुलाची, वीरधवलची होती. त्यानं ऑनलाइन मागवलेली एक पेटी आणली होती आणि तो ती लग्नातल्या दागिन्यांच्या डब्यासारखी उघडून दाखवत होता. आत लाल भडक बुश. चाक गाडीला धरून ठेवणारा लोखंडी आर्म असतो, त्याच्या टोकाला रबराची जाड बांगडी बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. रस्त्याचा दणका ती आपल्या अंगावर घेते. वीरधवलला ते रबर काढून हे कडक, प्लॅस्टिकसारखे लाल बुश टाकायचे होते.

“मेजर, वळणावर गाडी अशी चिकटून पळती बगा, इकडची तिकडं न्हाई!”

जोतीराम त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. “रबरच बरं आसतंय गड्या,” ते म्हणाले. “आपलं रस्तं काय गुळगुळीत हायत व्हय?”

“मी पण तेच म्हनते,” बाकावरून सुलाबाई बोलल्या. “गाडी कडक करशील, पण माझा मणका कुठनं कडक आणू? का त्योबी ऑनलाइन मिळतो?”

“आई, तू गप्प बस गं जरा.”

“बसलेच हाय की कवाची! बाजाराला न्हेतो म्हनून आणलीस आन् हितं ग्रीसचा वास घ्याला बसवलीस.”

जोतीरामांची काम करायची एक रीत होती. गाडी जॅकवर असताना बोल्ट नुसते हातानं लावून ठेवायचे, मग गाडी खाली उतरवायची आणि तिचं वजन चाकांवर आलं की शेवटचं आवळायचं. याला ते ‘भारावर आवळणं’ म्हणत. गाडी हवेत असताना आवळलं, तर रबर पिळवटून राहतं आणि लवकर फाटतं. पण वीरधवलनं पेटीवरचं बारीक इंग्रजी त्यांच्या डोळ्यांपुढं धरलं. “ह्याला ते भारावर-बिरावर लागत न्हाई, मेजर. हवेतच आवळून टाका. येळ वाचंल.” जोतीरामांनी मान डोलावली. उजवी बाजू त्यांनी तशी आवळलीही. डावीकडं बोल्ट हातानं लावले, तेवढ्यात चहा आला. अरिबा आणि क्रांती घरी गेल्या. चहा पिऊन झाल्यावर गाडी खाली उतरली.

ट्रायलला संयोगिता मागच्या सीटवर सुलाबाईंच्या शेजारी बसली. तिला आता एकच बघायचं होतं.

पप्पा गाडी चालवत होते, आणि त्यांचा डावा तळवा नेहमीसारखा डॅशबोर्डवर सपाट टेकलेला होता. लहानपणी तिला वाटायचं, पप्पा गाडीला आशीर्वाद देतात. आज तिला कळलं, की ते ऐकत होते. जे कान सोडून देत होते, ते हात पकडत होता. कुठलं चाक, कुठला सांधा, सगळं त्या तळव्याला कळत होतं, कारण रबर बारीकसारीक सगळं गिळून फक्त खरं दुखणं वर पाठवायचं. पण या लाल बुशांनी काहीच गिळलं नाही. खडीचा प्रत्येक दाणा, डांबराची प्रत्येक ढेपळी डॅशबोर्डपर्यंत येऊन थरथरत होती. पप्पांनी तळवा उचलला, पँटला पुसला, परत टेकवला. परत उचलला. गर्दीत चुकलेल्या पोराचा असतो तसा त्यांचा चेहरा आरशात दिसत होता.

रेल्वे फाटकाच्या अलीकडं ब्रेक लागला आणि डावीकडून, पुढून, आवाज आला. टक्.

“पप्पा, डावीकडं काय तरी वाजतंय.”

पप्पा चालवत राहिले. पुढच्या ब्रेकला पुन्हा तेच. टक्.

“पप्पा! डावीकडं!”

वीरधवल मागं वळला. “नवीन माल हाय गं, कडक हाय. थोडा बोलणारच की.”

“आवं मेजर, पोरगी काय म्हनती बगा तरी,” सुलाबाई म्हणाल्या.

पप्पांना आरशात तिचे हलणारे ओठ दिसले असावेत. “व्हय व्हय,” ते म्हणाले. “ओके हाय. एकदम फिट.”

तिसऱ्यांदा सांगायचं, तर आधी सांगावं लागलं असतं, की यांना ऐकू येत नाही. वीरधवलच्या देखत. संयोगितानं तोंड मिटलं. सुलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि पिशवीतून एक चिक्कू काढून तिच्या हातात ठेवला.

घरी आल्या आल्या तिनं आईला गाठलं. आई भाकरी थापत होती.

“आई, पप्पांना ऐकू येत न्हाई.”

“आज कळलं व्हय तुला?” आईनं परातीवरून मानही वर केली नाही. “लय वरसं झाली. मशीन घ्या म्हनलं, तर म्हनत्यात, कानात ते लावून बसलो तर गाडी कोण देईल माझ्याकडं? कुणापाशी बोलू नगंस. तुझ्या त्या मैतरणींपाशी तर बिलकुल न्हाई.”

संयोगिता रडली. आपण त्यांच्या पाठीमागं उभं राहून हसलो, हे तिला सोसेना. पप्पांना ऐकू येत नाही याचं दुःख त्या संध्याकाळी एवढं मोठं झालं, की तिला स्वतःला ऐकू आलेला आवाज कुठल्या कुठं मागं पडला.

पुढच्या आठवड्यात वीरधवल आईचे डोळे दाखवायला साताऱ्याला निघाला. खिंडीतल्या उतारावर, वळणात, पुढचं डावं चाक आत दुमडलं आणि गाडी कठड्यावर गेली. वीरधवलचा हात मोडला. सुलाबाईंना दवाखान्यात न्यायची गरजच उरली नाही.

डाव्या आर्मचा एक बोल्ट जागेवर नव्हता. तो सापडलाही नाही. मग गावानं निकाल दिला. ऑनलाइनचा माल. रबरासारखं दबत नाही, म्हणून बोल्टच तोडून टाकला. चहाच्या गाड्यावर, बाजारात, शाळेच्या फाटकापाशी सगळीकडं तेच. मेजर नको म्हणत होते, हेही लोक आवर्जून सांगत. जोतीरामांना कुणीच काही म्हटलं नाही. उलट पुढच्या दोन दिवसांत तिघं गिऱ्हाइकं गाडीतले असले बुश काढून परत रबर टाकायला आली.

संयोगिताला मात्र ते ‘टक्’ परत आठवलं होतं, आणि ते आता जात नव्हतं. बुशानं पुढं कधीतरी बोल्ट तोडला असता, तर पहिल्याच दिवशी, फाटकापाशी, वाजलं कसं? बोल्ट पहिल्यापासूनच सैल होता. उजवीकडं हवेत आवळलं, आणि डावीकडं हातांनी जन्माच्या सवयीनं तो भारावर आवळायला ठेवला. गाडी खाली आली तेव्हा डोकं म्हणालं, हे बुश तर हवेतच आवळलेत. हात एक समजले, डोकं दुसरं. एरवी तळव्यानं चूक पकडली असती. तिनं हे सगळं भूगोलाच्या तासाला फळ्याकडं बघत जुळवलं.

सुलाबाईंच्या दहाव्याला ती पप्पांबरोबर वीरधवलच्या घरी गेली. अंगणात माणसं बसली होती. वीरधवल गळ्यात हात अडकवून भिंतीला टेकला होता. जोतीराम जवळ जाऊन बसले, तसा तो मान खाली घालूनच बोलायला लागला. जमिनीशीच बोलत होता.

“तुमी नगं म्हनत हुता, मेजर. आईबी म्हनत हुती. मीच हट्ट केला. माझ्या हौसंपायी गेली ती. मीच मारलं तिला, व्हय न्हवं?”

जोतीरामांना त्याचं तोंड दिसत नव्हतं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाले, “व्हय. व्हय, बाळा.”

वीरधवलनं मान वर केली. क्षणभर त्यानं मेजरच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली. शेजारच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. पप्पा अजून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. संयोगिताला ओरडावंसं वाटलं. शाळेच्या स्टेजवर हजार माणसांपुढं न अडखळणारी ती पप्पांच्या मागं तशीच बसून राहिली.

त्यानंतर वीरधवल कुणाशी बोलेना. अरिबाचं घर त्याच्या घरासमोरच होतं. ती शाळेत सांगायची, ताट आहे तसं परत जातं. एके दिवशी तिनं सांगितलं, की पहाटे तो विहिरीच्या काठावर बसलेला सापडला, चुलत्यानं हाताला धरून आणला. “आता कुणी ना कुणी राखणीला बसतंय गं त्याच्यापाशी,” अरिबा म्हणाली. आज तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

त्या दिवशी संयोगिता शाळेतून थेट घरी आली आणि आईला सगळं सांगितलं. टक् सांगितलं, बोल्ट सांगितला, अंगणातलं ‘व्हय’ सांगितलं. आईनं आधी दार लोटलं.

“गप. एक शबूद बोलू नगंस. म्हातारी काय परत येणार हाय? पोलीस येतील, गॅरेजला कुलूप लागंल. ह्या वयात ते कुठं जातील, सांग? वाचमनची नोकरी तरी कोण देईल, हाक मारली तर ऐकू येत न्हाई त्या माणसाला?”

“आन् वीरधवलदादा?”

आई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

दिवेलागणीला जोतीराम आले. हातपाय धुऊन ते दाराकडं पाठ करून बसले. संयोगितानं टीव्ही बंद केला. बल्बचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, एवढी जवळ की त्यांच्या अंगाच्या साबणाचा आणि त्याखालचा डिझेलचा वास तिला येत होता. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना काहीतरी आधीच माहीत असावं, कारण प्रश्न त्यांनीच विचारला.

“त्या दिशी गाडीत तुझं तोंड हलत हुतं. काय म्हनत हुतीस?”

“डावीकडं आवाज येतोय म्हनत हुते.”

“कसा?”

“टक्. ब्रेकला. दोनदा.”

जोतीरामांनी डोळे मिटले. डावा तळवा त्यांनी जमिनीवर सपाट टेकवला आणि तसाच राहू दिला. मग त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा तिच्या ओठांकडं बघितलं.

“आवं, तिला आवरा,” आई दारातून म्हणाली, पण ती त्यांच्या मागं होती.

संयोगिता घाबरली होती. तरी तिनं एकेक शब्द सुटा केला, कुठंही घाई केली नाही, आणि पप्पांना प्रत्येक ओठ नीट दिसेल असं बोलली.

“उद्या सकाळी मी शाळेत जाणार न्हाई. वीरधवलदादाकडं जाणार हाय. त्यानं आईला मारलं न्हाई, हे सांगणार. बोल्ट सैल हुता आन् आवाज मी ऐकला हुता, हे सांगणार. तुमी व्हय म्हनाला तवा तुमाला त्याचं ऐकूच आलं न्हवतं, हेबी सांगणार. तुमी येणार आसाल तर तुमच्यासंगं जाईन. न्हाई आलात तर एकटी जाईन, पप्पा. पण जाणार.”