कुंपण खाल्लेली शेळी

भिका खोटं बोलतो, हे तळासरीजवळच्या त्याच्या पाड्यावर लहान पोरांनाही ठाऊक होतं. पंचाईत अशी, की या वेळी तो खरं बोलत होता. गेल्या चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत, बायकोसमोर नारळावर हात ठेवून त्यानं ताडी सोडली ती सोडलीच. रखमी रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची, आणि वास आला नाही की म्हणायची, "कांदा खाऊन झाकतोस."

त्यात बारकीनं घात केला. बारकी म्हणजे रखमीला माहेरून मिळालेली शेळी, तिचा जीव की प्राण. माघात गवत वाळलं आणि बारकी झोकांड्या खाऊ लागली. पाय फाकवून चालायची, मान डोलवायची, बांधावर चढता चढता मागच्या मागे बसायची. पाडा हसून लोटपोट झाला. ही चाल सगळ्यांच्या ओळखीची होती, फक्त आजवर ती भिकाची असायची.

"एकट्याला पिववत नाय, म्हणून शेळीला जोडीला घेतलीस?" रखमी कडाडली.

"देवीशप्पथ, थेंब नाय घेतला. मी पण नाय, तिनं पण नाय."

"मग ही डुलते कशानं? वाऱ्यानं? जत्रेच्या आत खरं बोल. नायतर शेळी घेऊन माहेरी जाते. परत यायची नाय."

आयुष्यभर थापा पचल्या, आणि एकुलतं एक खरं कोणाच्या गळी उतरेना! पण भिकाला हसू येत नव्हतं. रखमी बोलली की करते, आणि तिच्यावाचून घर त्याला खायला उठलं असतं.

शेवटी बारकीला खांद्यावर टाकून त्यानं गुरांचा दवाखाना गाठला. रखमी मागोमाग होतीच.

"हिच्या तोंडाचा वास घ्या," तिनं डॉक्टर दक्षाबाईंना फर्मावलं, "आणि मग ह्याच्या."

बाईंनी शेळीचंच तोंड उघडलं. दाढेत हिरवा चोथा अडकला होता. "बेशरम खाते का ही? नाल्याकाठी जांभळट फुलांची झुडपं असतात ना, ती?"

रखमीनं चटकन खाली बघितलं.

"त्या पाल्यात विष असतं. शरीरातल्या पेशी प्रथिनं बनवतात, त्यांना साखरेच्या कणांची शेपटी जोडतात. ती शेपटी कातरून नीट करायला, जुनी झाली की मोडायला पेशीत जणू एक कात्री असते. हे विष दिसायला त्या साखरेसारखंच. कात्री त्यालाच धरून बसते. मग न कातरलेल्या शेपट्या साठत जातात, मेंदूतल्या पेशी फुगतात, आणि जनावर असं डुलतं."

"म्हणजे ताडी नाय!" भिका जवळजवळ नाचलाच.

"ताडी नाही. पण चटक तशीच. चांगला चारा सोडून तेच शोधत फिरते. आत्ताच हा पाला तोडलात तर बरीचशी सावरेल, नाहीतर पाय कायमचे जातील."

भिकानं हळूच बायकोकडे बघितलं. घरामागची वाट अडवायला बेशरमच्या काठ्या रखमीनंच पावसाळ्यात रोवल्या होत्या. त्या वाटेनं पुढे ताडीवाल्या सुक्याची झाडं होती, आणि नवऱ्याच्या शपथेपेक्षा तिचा कुंपणावर जास्त भरवसा. कुंपण चांगलं फोफावलं. नवरा अडला आणि शेळी झिंगली!

घरी येईपर्यंत भिकानं तिला चिडवून चिडवून बेजार केलं. तिनं पदर खोचला. कोयता घेतला आणि सगळं कुंपण मुळासकट उपटून जाळलं.

संध्याकाळी मागची वाट सताड उघडी होती. उजवीकडे ताडीवाला सुक्या मडकी उतरवत होता, वास थेट अंगणात येत होता. डावीकडे नाल्याकाठी रानची बेशरम फुललेली, आणि बारकी तिकडेच दावं ताणून ओरडत होती.

भिकानं तिची मान कुरवाळली. "ओरड बाय. मला पण रोज असंच ओरडावंसं वाटतं. मी आपला कांदा खातो."

दारातून रखमीनं ते ऐकलं. तिला भडभडून आलं. ती बाहेर आली, खुंट्याचं दावं सोडलं आणि ते टोक भिकाच्या कमरेला घट्ट बांधलं.

"हे काय?"

"तिला डावीकडं जायचंय, तुला उजवीकडं. जावा आता दोघं."

आणि त्याच्या तोंडाचा वास न घेताच ती त्याच्या शेजारी बसली.