कणगीतली खुंटी

मी एक जुनी बाभळीची खुंटी आहे, मित्रांनो, आणि अजूनही कुणी घण उचलला की माझ्या अंगातून कळ जाते.

माझा जन्म हसनाबादजवळच्या एका वाडीतला. तेव्हा आमच्याकडे हैदराबाद राज्य होतं. रझाकारांचे दिवस सरले होते, पण माणसांच्या अंगातली भीती सरली नव्हती. खाकी कपडे दिसले की बाया दारं ओढून घेत. अशात एका सकाळी मोजणीदार आला. त्याच्या माणसांनी बाभळीच्या फांद्या तोडल्या, आम्हा बहिणींना टोकं काढली, डोक्यांना चुना फासला आणि आम्हाला रानारानांतून एका रांगेत ठोकत नेलं. मी सोनूबाईच्या मळ्यात, विहिरीच्या काठाशी आले. प्रत्येक घावाला वाटे, आता चिरफळ्या होणार.

"बाजाराला सडक निघतेय," मोजणीदार म्हणाला. "ही विहीर बुजेल. काही हरकत असेल तर साहेब येतील तेव्हा सांगा."

सोनूबाई आणि तिचा नवरा कचरू त्या विहिरीवर मोट हाकून मिरची पिकवत. विहीर गेली तर मळ्याचं माळरान होणार होतं. मोजणीदाराची पाठ वळताच सोनूबाईनं मला उपटलं, पदरात गुंडाळलं आणि घरी नेऊन ज्वारीच्या कणगीत खोल खुपसलं.

कचरूचा चेहरा उतरला. "चुलीत घाल तिला. जल्दी."

"सरकारची खुंटी हाय. धूर बी सरकारला दिसन," ती म्हणाली.

त्या अंधारात मी दाण्यांखाली दबून राहिले. दारात पाऊल वाजलं की वाटे, न्यायला आले. ज्वारी काढताना सोनूबाईची बोटं मला लागत आणि चटका बसल्यासारखी मागं जात.

एकदा कापसाच्या जिनिंगीचा मालक रामराव दारात येऊन उभा राहिला. "काय सोनूबाई, सरकारशी भांडून राह्यली म्हणं? निजामाच्या राज्यात कुणी इचारलं होतं का कुणाला? विहीर बुजली तर ये माझ्या जिनिंगीत पाणी भराया." तो हसत गेला. सोनूबाईनं कणगीचं तोंड घट्ट लावलं.

मग औरंगाबादेहून साहेब आले. रांग बघत विहिरीपाशी थांबले. "इथली खुंटी कुठं आहे?"

"शेळीनं खाल्ली असंल, साहेब," रामराव म्हणाला. लोक हसले.

सोनूबाई घरात गेली आणि मला घेऊन आली. माझ्या चुन्याला ज्वारीचे दाणे चिकटले होते. "म्या काढल्ती. मला तुरुंगात घाला, पण विहीर बुजवू नका."

साहेब रागावले. "मोजणीची खुंटी उपटणं गुन्हा आहे, बाई. पुन्हा करू नका. पण हरकत सांगणं गुन्हा नाही. ती ऐकल्याशिवाय मलाही पुढं जाता येत नाही, तसा कायदा आहे. आधी हिला जागेवर ठोका."

"माझ्या हातानं ठोकली तर मीच रान दिलं म्हनतान."

"खुंटी ठोकली म्हणजे रान गेलं असं नाही. अजून विचारणंच चाललंय."

तिनं दगड उचलला. घणालाही भ्याले नव्हते इतकी मी त्या दगडाला भ्याले. मला सरळ करण्यासाठी ती वाकली, पेरणीच्या तासाची ओळ सरळ आली का बघावं तसा एक डोळा मिटून तिनं रांगेवर नजर लावली आणि तशीच थांबली.

"साहेब, हिथं वाकून बघा."

साहेब गुडघ्यावर बसले. जागेवर येताच मला जे दिसलं तेच त्यांनाही दिसलं. माझ्या बहिणींची पांढरी डोकी एकामागं एक थेट रामरावाच्या जिनिंगीच्या फाटकाशी जात होती आणि तिथंच संपत होती.

"बाजार कुठं भरतो?"

"तिकडं, नदीच्या अंगाला," कचरू म्हणाला.

"मग ही सडक फाटकाच्या पुढं कुठं जाते, रामराव?"

रामरावानं वहाणेकडं बघितलं. "सध्या तरी... फाटकापोतरच."

साहेब उठले. "लोकांच्या कामासाठी सरकारला मोबदला देऊन रान घेता येतं. एका माणसाच्या फाटकासाठी नाही. मी तसं वर कळवतो. आता हिला ठोका आणि निकाल येईपर्यंत हात लावू नका." सोनूबाईनं मला ठोकलं; भीतीनं दगड दर घावाला वाकडा पडत होता.

ते दिवस कणगीपेक्षा वाईट गेले. सोनूबाई मोट सोडताना माझ्याकडं बघायची आणि मी वाटेकडं. शेवटी मोजणीदार परत आला. त्याच्या हातातली पहार बघून माझा जीव उडाला. पण त्यानं आम्हाला उपटलं. सडक रद्द झाली होती.

बहिणी चुलीत गेल्या. सोनूबाईनं मला मागून घेतलं आणि गोठ्यात ठोकलं. पुढं बाजाराची खरी सडक नदीच्या अंगानं निघाली, तेव्हा तिच्या बांधाची पट्टी त्यात गेली. ती कशासाठी ते तिनं आधी विचारलं, मोबदला घेतला आणि मगच पट्टी दिली.

मित्रांनो, तुमच्या रानात कधी चुना लावलेली खुंटी दिसली, तर तिला कणगीत लपवू नका. वाका, डोळा लावा, ती कुठं जाते ते बघा आणि विचारा. भीती वाटेलच. सोनूबाईच्या त्या वाकड्या घावांच्या खुणा अजून माझ्या डोक्यावर आहेत. वासरू दावं ओढतं, पण मी हलत नाही.