दुपारचं तीर्थ

भिमाजी छापखान्यात रात्रपाळीला लागला, तेव्हाच कुसाबाईनं व्रत धरलं. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून. सकाळी गंगेवर स्नान, काठावरच्या देवांना पाणी, मग घरी येऊन स्वयंपाक. नैवेद्य दाखवला की नवऱ्याच्या पायाचं तीर्थ घ्यायचं, त्याला जेवू घालायचं, आणि मगच आपल्या तोंडात पाण्याचा थेंब.

तो उजाडता उजाडता घरी येऊन अंग टाकायचा. नैवेद्य व्हायला दुपार होई. मग ती अगदी हळू हाक मारी, "अहो, उठता ना?" तो उठे, कसेबसे चार घास गिळी आणि पुन्हा आडवा होई. झोप मात्र येत नसे.

वर्षभरात माणूस वाळून गेला. अन्न जिरेना, छाती धडधडे. परवा तर यंत्रापाशी उभ्या उभ्या डोळा लागला. हात थोडक्यात वाचला. घाबरून कुसाबाई त्याला खलील हकिमांकडे घेऊन गेली.

हकिमांनी नाडी धरली. "शरीरात एक घड्याळ असतं, वहिनी. झोप, भूक, अंगातली ऊब, सगळं त्याच्या चालीनं चालतं. रात्र जागून यानं ते उलटं केलंय. निदान दिवसाची झोप तरी सलग हवी. काय रे भिमाजी, मधे जाग कशानं येते?"

"डास," भिमाजी म्हणाला.

"भर दुपारी? मोठे कष्टाळू दिसतात तुमच्याकडचे डास!"

भिमाजी हसला नाही, खाली बघत राहिला.

"मी उठवते," कुसाबाई म्हणाली. "तीर्थासाठी. जेवायला."

हकीम हलकेच म्हणाले, "झोपेत पोटही निजतं, वहिनी. त्यात अन्न ढकललं तर बाधणारच. हे असंच चाललं, तर माणूस हातचा जाईल."

ज्याच्या आयुष्यासाठी ती रोज कोरड्या घशानं हात जोडत होती, त्याचंच आयुष्य ती रोज दुपारी कमी करत होती. तिला पुढचं काही ऐकूच येईना.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला. "अपराध माझा, देवा," असं पुटपुटून ती आधी पाणी प्यायली. हाक मारायची नाही, म्हणून पावलंही न वाजवता आत डोकावली.

भिमाजी टक्क जागा होता.

"अहो, मी तर उठवलं नाही..."

"उठवायला कशाला लागतं आता? सुट्टीच्या दिवशीसुद्धा तू हाक मारायच्या आधीच या वेळेला डोळा उघडतो. मला वाटलं, तुला खरं सांगितलं तर वाईट वाटेल, म्हणून डासांचं नाव घेतलं."

तिनं खिडकीवर गोधडी टांगली, त्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. हाताखाली पापण्या फडफडतच होत्या.