बिब्ब्याचं कडं

वैजयंतीच्या छातीतली गाठ तिच्याखालोखाल माझ्या बोटांना कळली. वैजयंती माझी धाकटी जाऊ. श्रावणातल्या एका सकाळी तिनं मला न्हाणीतून हाक मारली आणि माझा हात धरून उजव्या छातीवर ठेवला. गाठ बोराएवढी होती. टणक, आणि दाबली तरी न दुखणारी.

"दुखत नाही, म्हंजे काही नाही ना, बाई?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. दुखतं तेवढाच आजार, अशी आम्हा बायकांची समजूत.

आमच्या केनवड गावात बिब्बा लावायला बायका माझ्याकडे येतात. सासूबाईंनी मला ते शिकवलं. देवाच्या दिव्यावर बिब्बा तापवायचा, दाभणानं टोचायचा आणि काळं तेल टोकावर घेऊन दुखऱ्या जागेभोवती ठिपके द्यायचे. कुणाची मान धरते, कुणाची टाच दुखते, कुणाच्या लेकराचं पोट फुगतं. महादेवाचं नाव घेऊन मी लावते आणि त्याचा कधी पैसा घेतला नाही. त्याच श्रद्धेनं मी वैजयंतीच्या गाठीभोवती अकरा ठिपक्यांचं कडं घातलं.

तिसऱ्या दिवशी कातडी लाल झाली, पाण्याचे फोड आले. मी तिला सांगितलं की रोग बाहेर निघून राह्यला, घाबरू नको. आठ दिवसांनी त्याच ठिपक्यांवर पुन्हा लावला. मग मात्र छाती सुजली, कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली आणि काखेतही एक गाठ आली.

वाशीमला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी एक चूक केली, ती बिब्ब्याहून मोठी. वैजयंतीच्या तळहातावर बेलाचं पान ठेवून मी तिला शपथ घातली, की बिब्ब्याचं नाव तिथं काढायचं नाही. डॉक्टर लोक रागावतात, मग नीट पाहत नाहीत, असं मी तिला म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. गावात माझ्या हाताला नाव होतं, ते मला जपायचं होतं.

ज्या दवाखान्यात गेलो तिथं या आजाराच्या सर्जन बाई फक्त सोमवारी बसत. आणि सोमवारी माझं मौन असतं. पहाटे तुळशीला पाणी घातल्यापासून सांजवात लागेपर्यंत मी बोलत नाही. एकवीस वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता. अगदीच अडलं तर पिशवीत वही-पेन असतं. सोयाबीनची सोंगणी चालू होती म्हणून दीर शेतावर थांबले आणि आमच्यासोबत माझे यजमान मारोतराव आले. बसमध्ये शेजारच्या माणसाला ते सांगत होते, "आमच्या घरी सोमवार म्हंजे बिनपगारी सुट्टी. आज मले कोनी काही म्हनत नाही." वैजयंती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

आधी एका तरुण डॉक्टरनं तिला तपासलं. मुलगा सभ्य होता. लाल, जाड कातडी पाहून आणि काखेतली गाठ चाचपून तो गंभीर झाला. कातडीपर्यंत पोचलेलं दिसतं, म्हणाला. तसं असेल तर आधी मोठ्या शहरात काही महिने औषधांची इंजेक्शनं, मग पूर्ण छाती काढणं. पक्कं मॅडमच सांगतील. वैजयंतीनं एवढंच विचारलं, "पुरी काढा लागते?" तो मॅडमना बोलवायला गेला.

मग डॉक्टर सुकेशनी आल्या. चाळिशीच्या आतल्या, सावळ्या, मानोरा तालुक्यातल्या एका खेड्याच्या. त्यांनी हात धुतले आणि एकमेकांवर घासून गरम केले, मगच विचारलं, "ताई, तपासू ना?" आधी चांगली छाती तपासली, मग गाठीची. पिठात खडा शोधावा तशी त्यांची बोटं सपाट फिरत होती, दाबत नव्हती. हात वर करायला लावले, कमरेवर ठेवायला लावले. मी आजवर देवळातल्या पुजाऱ्यालाही मूर्तीला इतक्या जपून हात लावताना पाहिलं नाही.

फिरता फिरता त्यांचा हात थांबला. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि ओठांत मोजू लागल्या.

"अकरा," त्या म्हणाल्या. "रोग असे मोजून ठिपके देत नाही. ताई, इथं काही लावलं होतं का?"

वैजयंतीनं जमिनीकडे पाहिलं आणि उजवी मूठ घट्ट मिटली. जणू बेलाचं पान अजून आतच होतं.

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "हे पाहा, मले एकच गोष्ट समजली पाह्यजे. लावायच्या आधी कातडी लाल होती, की लावल्यावर झाली? आधीच लाल होती, तर आपला रस्ता लांबचा. नंतर झाली, तर कदाचित छातीही वाचते. हे मशीन सांगत नाही. ज्यानं पाह्यलं त्यालेच सांगा लागते."

ज्यानं पाहिलं ती मी होते. वैजयंतीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. ती माझ्या परवानगीची वाट पाहत होती.

पिशवीतल्या पेनाकडे माझा हात गेला आणि अर्ध्यावरून परत आला. मौन मी देवासाठी धरलं होतं, पण त्या घडीला मी त्याच्या आड लपले होते. हे कळलं आणि मी मौन मोडलं.

"मी लावला," मी म्हणाले. पहाटेपासून न बोललेला आवाज मलाच परका वाटला. "बिब्बा. दोन डाव. आधी कातडी साफ होती, न्हाणीत मी माह्या डोळ्यानं पाह्यली. काखेतली गाठही मांगूनच आली. शपथ मी घातली तिले. तिचा दोष नाही."

वैजयंतीची मूठ उघडली आणि ती रडू लागली.

रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभी होते. डॉक्टरबाईंनी स्टूल पुढे सरकवलं आणि मला बसवलं. "काकू, माह्या पोटावर बिब्ब्याचे तीन डाग आहेत," त्या म्हणाल्या. "मी आठ दिवसांची होती तवा मायनं लावले. बिब्ब्यानं कॅन्सर होत नाही, अन् जातही नाही. तो फक्त आमचे डोळे झाकते. तुमी आता ते उघडले."

पुढे त्यांनी काहीच लांबणीवर टाकलं नाही. कातडीला पंधरा दिवसांचं मलम दिलं, पण तपासण्या लगेच सुरू केल्या. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. मग सुईनं गाठीचा तुकडा घ्यायचं निघालं, तशी वैजयंती घाबरली. सुई लागली की पसरतं, असं तिनं गावात ऐकलं होतं. "सुईनं पसरत नाही, ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सुई फक्त त्याले विचारते, की तू कोन हायेस." आणि ठिपक्यांपासून दूर, साफ कातडीतून, वैजयंतीशी सोयाबीनच्या भावाचं बोलत बोलत त्यांनी ते काम उरकलं. काखेतल्या गाठीलाही बारीक सुई लावली.

पंधरा दिवसांनी जुनी कातडी सोलून निघाली आणि खालून नवी, स्वच्छ आली. रिपोर्टही हाती होता. गाठ कॅन्सरचीच होती. डॉक्टरबाईंनी ते सरळ सांगितलं, शब्द फिरवले नाहीत. पण गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती, कातडी सुटी होती आणि काखेत नुसती सूज निघाली होती. त्यांनी कागदाच्या पाठीमागं एक ठिपका काढला आणि त्याच्याभोवती गोल. गाठ आणि तिच्याभोवतीचं एवढंच चांगलं मांस काढायचं, काखेतल्या एक-दोन गाठी तपासायला घ्यायच्या, बाकी छाती जागेवर. नंतर अकोल्याला किरणं.

मी त्या कागदाकडे पाहत राहिले. कडं मीही घातलं होतं. पण आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी मनात जप करत होते. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा टोपीचा वळ त्यांच्या कपाळावर उमटला होता. मनासारखं झालं, म्हणाल्या, आणि आधी आम्ही जेवलो का ते विचारलं. दहा दिवसांनी मोठा रिपोर्ट आला. काढलेल्या मांसाच्या सगळ्या कडा साफ होत्या आणि काखेतल्या गाठीही. टाके निघाल्यावर वैजयंतीनं मला न्हाणीत बोलावलं, त्याच जागी. केसाएवढी रेघ होती.

"पाहा बाई शिवण," ती म्हणाली. "तुमची गोधडी लाजीन."

अकोल्याची किरणं झाली. आता पाच वर्षं रोजची एक गोळी आहे. ती गोळी मी माझ्या देवपूजेला जोडून घेतली आहे. तुळशीला पाणी घातलं की वैजयंतीच्या हातावर गोळी ठेवते, तिनं गिळली की मगच माझ्या तोंडात चहा जातो.

मोडलेल्या सोमवाराचं प्रायश्चित्त काय, हे मी कुणाला विचारलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा मौन धरलं. मारोतरावांनी ते डॉक्टरबाईंनाही सांगून ठेवलं.

मागच्या महिन्यात असाच सोमवार होता. शेजारची दुर्गाबाई मागच्या दारानं आली, पदर घट्ट धरून. छातीत गाठ लागते, कुणाला सांगू नको, बिब्बा लावून दे, म्हणाली. मी बोलले नाही. पायांत चपला घातल्या, पिशवी घेतली आणि तिचा हात धरला तो वाशीमच्या बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. ती वाटभर काहून, कुठं, विचारत राहिली.

डॉक्टर सुकेशनींनी मला दारात पाहिलं आणि हसल्या. "आज सोमवार. मौन असन. मंग काकू, नुसती मान हलवा. हिले बिब्बा लावला?"

मी मान हलवली. नाही.