दुसऱ्या रांगेचा वॉल्ट्झ

वाउटरआजोबा गेले तेव्हा त्यांच्या मुलीने, आनेकेने, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "निरोपाच्या वेळी पपांची ती धून वाजवशील, पूर्णिमा? तुला ती येते."

मी लगेच हो म्हटलं. डीमन या डच गावात आमच्या शेजारच्या दारात राहणारा हा एकोणनव्वद वर्षांचा माणूस परक्या देशात माझं हक्काचं माणूस झाला होता. नुसतं 'वाउटर' म्हण, असं ते कितीदा सांगत, पण माझी जीभ काही रेटली नाही.

ओळख व्हायोलिनमुळे झाली. नवऱ्यामागोमाग पुण्याहून इथे आले तेव्हा रियाजाशिवाय मला दुसरं काम नव्हतं. एक दिवस त्यांनी बेल वाजवली. तक्रार घेऊन आले असणार, म्हणून मी भांडायच्या तयारीनेच दार उघडलं. त्यांनी 'वाजव' अशी खूण केली. मी जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून वाजवलं. ते म्हणाले, "आमच्या ऑर्केस्ट्रात तू एकटीने तीन खुर्च्यांची जागा अडवली असतीस."

त्यांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे 'सॅफिर'. युद्धानंतर रेडिओसाठी उभा राहिलेला. आधी मोझार्ट, मग टँगो आणि सिनेमातली गाणी; वाजवणारी माणसं तीच, काळे कोटही तेच. शास्त्रीयवाले नाक मुरडत, हे कॅफेतले वाजंत्री. कॅफेवाले म्हणत, यांच्या पाठीत काठी घातली आहे. लोक मात्र जेवणं लांबवून ऐकत. पुढे गिटारवाले बँड आले, सत्तरच्या दशकात सॅफिर बंद पडला आणि रेडिओवाल्यांनी सॅफिरच्या टेपा पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम भरले. आजोबा मग शाळेत संगीत शिकवत राहिले. त्यांना याचा राग कधी आला नाही. मला ऐकूनच आला.

सॅफिरचा प्रत्येक कार्यक्रम एकाच धुनेने संपायचा. सुरुवात संथ, शास्त्रीय. मध्येच तिचा वॉल्ट्झ, तीन मात्रांचा नाच, व्हायचा. आजोबांची बोटं आता चालत नव्हती. ते गुणगुणत आणि मी ऐकून उचलत असे. मला नोटेशन वाचता येत नाही, आमच्याकडे विद्या कानातूनच येते. धून जरा विचित्र होती. आधी लांबच लांब स्वर, मग वॉल्ट्झमध्ये एक मात्रा गप्प आणि दोन मात्रा टुक-टुक. मी नवऱ्याला, शिरीषला, म्हटलंसुद्धा, "काय संयम आहे बघ या लोकांचा!" एकदा न राहवून मी एक तान घातली, तर आजोबांनी कपाळाला हात लावला.

निरोपाच्या आदल्या दिवशी शिरीषने इंटरनेटवर सॅफिरचं एक रेकॉर्डिंग शोधून काढलं. कुणा श्रोत्याने तेव्हा घरी रेडिओवरून भरून घेतलेलं. आम्ही चहा घेत ऐकायला बसलो. पहिल्या व्हायोलिनांनी धून उचलली. गोड, भरलेली, मी जन्मात न ऐकलेली. आणि तिच्याखाली, कान देऊन ऐकलं तर, माझं टुक-टुक.

"अगं, तू साथ शिकलीस," शिरीष म्हणाला. "मूळ गाणं नाहीच."

आजोबा दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेत बसत, आणि त्या रांगेला मुख्य धून कधीच मिळत नाही. जन्मभर त्यांनी तेवढंच वाजवलं आणि मलाही तेच दिलं. मला त्यांची फार कीव आली, थोडा रागही आला. शिरीष म्हणाला, "लोकांना ओळखू येईल तेच वाजव." मलाही ते पटलं. उभ्या आयुष्यात नाही मिळाली, निदान उद्या तरी धून त्यांच्या नावाने वाजू दे. संध्याकाळभर बसून मी ती बोटांत पक्की केली.

दुसऱ्या दिवशी स्मशानगृहाच्या हॉलमध्ये शवपेटीशेजारी सतरंजी टाकून मी बसले आणि ती धून वाजवली. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे खुलले. वॉल्ट्झ आला तशी एक बाई गुणगुणायलाही लागली. मी आनेकेकडे पाहिलं. ती परक्याच्या लग्नात आल्यासारखी सभ्यपणे बसली होती.

मी थांबले. ती उठून माझ्याजवळ आली, वाकून हळूच म्हणाली, "फार सुंदर होतं. पण पपांची धून आता वाजवशील ना?"

मी पुन्हा व्हायोलिन उचललं आणि त्यांनी शिकवलेलं सुरू केलं. लांबच लांब स्वर, मग एक मात्रा गप्प आणि टुक-टुक. मागचे म्हातारे बुचकळ्यात पडून एकमेकांकडे पाहू लागले. आनेके जागेवर परत गेलीच नाही. काळ्या कपड्यांनिशी माझ्याशेजारी जमिनीवर बसली, डोळे मिटले.

"हीच," ती म्हणाली. "लहानपणी पपांच्या खोलीच्या दाराआडून रोज हीच ऐकू यायची. ती थांबली की आम्ही जेवायला बसायचो."

आजोबा गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं, आणि मी वाजवत राहिले.