फाट्यावरची झडती

"काय लिहून राहिली व तू? पंधरा दिवस झाले, अर्धी वही फाडली!" खाटेखालचे कागदाचे बोळे झाडूनं ओढत आईनं विचारलं.

"झडती, आई."

"मंग झाली काय?"

"झाली... म्हणजे नाही झाली. तीन ओळी झाल्या. पन त्या बी बराबर नाही वाटत."

आपल्यापैकी किती जणांच्या खाटेखाली असे बोळे पडले असतील, नाही का?

दिपाली बोरगावच्या पलीकडल्या एका लहानशा गावातली, सौंसरच्या शाळेत दहावीला. त्यांच्या गावात पोळ्याला तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या, की लोक आमनेसामने झडत्या म्हणतात. चार ओळींचा टोमणा आणि शेवटी 'हर हर महादेव'चा गजर! ज्याला जे बोलायचं ते तोंडावर बोलावं, त्या दिवशी कोणी रागावत नाही. अख्खं गाव ऐकायला उभं आहे, असा दिवस वर्षातून एकच!

दिपालीला बसबद्दल बोलायचं होतं. सकाळची बस फाट्यावर पोरींसाठी थांबतच नव्हती. त्यानंतरच्या बसनं गेलं की शाळेचे दोन तास बुडायचे. तिची मैत्रीण यमुना हिच्या वडिलांनी, मोरेश्वरकाकांनी, तर सांगूनच टाकलं होतं, "पोळा झाला की शाळा बंद. रोज रोज रस्त्यावर उभी राहाची गरज नाही."

म्हणजे पोळ्याआधी झडती हवीच होती. पण कशी? पुस्तकातली मराठी वापरावी, तर ती आपली वाटेना. घरची वापरावी, तर लोक हसतील असं वाटे. हसवावं की भांडावं? सकाळी जी ओळ आवडे, तीच संध्याकाळी भिकार वाटे. डोक्यात नुसता गोंधळ!

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती केसरबाईकडे गेली. केसरबाईचा नवरा, दादाजी, गावातला नामी झडतीवाला. तो वारून तीन वर्षं झाली होती. केसरबाई बैलाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळत होती.

"आजी, दादाजी झडती किती दिवस लिहीत होते?"

"लिहीत?" केसरबाई खो खो हसली. "त्याले सहीच तं येत होती, पोट्टे! उभा राहे अन् बोले. एका साली दोन ओळी बोलला अन् आ वासून उभाच. सारे खिदळले."

"अन् मंग?"

"मंग समोरच्या रांगेतून जवाब आला! समोरून जवाब आला नाही, तं ते झडती कायची? तू एकटीच चारी ओळी सजवून राहिली, मंग समोरच्यानं काय करावं? टाया वाजवाव्या?"

"पन चुकलं तं, आजी?"

"हसतीन. हसल्यानं कोणी मेलं नाही. पन उद्या तू चूप राहिली, तं यमुनेची शाळा मातर मरते!"

दिपाली घरी आली ती आणखीच गोंधळून. वही उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या रंगल्या. दिपालीनं वहीतलं पान पुन्हा एकदा पाहिलं. अजून तयारी झाली नव्हती! पण तोरण तुटलं की बैल घरी पळणार, पोळा फुटणार अन् सगळं संपणार होतं. ती पुढे सरकली.

"आता पोट्ट्याबी झडती म्हनतीन काय?" बैल धरून उभा असलेला, गावातला टवाळ पोरगा विनोद ओरडला.

"तुले जमत नाही म्हनून व्हय!" बायांच्या घोळक्यातून केसरबाईनं ठणकावलं.

दिपालीनं डोळे मिटले.

"बस आली, बस गेली, उडाला फुपाटा,
हात दावून थकल्या पोरी, सुना पडला फाटा,
पाठीवर दप्तर अन् पायामंदी काटा..."

आणि पुढे? काहीच नाही! डोकं रिकामं. घुंगरं तेवढी वाजत होती.

"संपली काय व बॅटरी?" विनोद म्हणाला. हशा पिकला. दिपालीचे कान तापले. पळावं की थांबावं, तिला कळेना.

तेवढ्यात समोरच्या रांगेतून, एका बैलाच्या आडून, घोगरा आवाज आला,

"उद्या बाप उभा राहीन, अडवीन बसच्या वाटा!"

मोरेश्वरकाका! यमुनेचे वडील! मग असा 'हर हर महादेव' झाला की बैल बिचकले!

"काका, शाळा..." दिपाली पुटपुटली.

"आता बोललो ना साऱ्यापुढं," काका खाली पाहत म्हणाले. "फाट्यावर आजवर मीच नाही गेलो, माय."

पोळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सकाळी फाट्यावर पोरींच्या पुढे सात-आठ बाप उभे होते. बस थांबली. आधी यमुना चढली.

वाचकहो, आपणही 'अजून जमलं नाही' म्हणत किती गोष्टी वहीत कोंडून ठेवतो! सगळं निर्दोष झालं की बोलू, असं म्हणणाऱ्याचं तोरण तुटून जातं. अर्धवट तर अर्धवट, घाबरत घाबरत का होईना, पण चारचौघांत घेऊन या. आपल्याला न सुचलेली ओळ कदाचित समोरच्याच्या तोंडात असेल, आणि आपण बोलल्याशिवाय ती त्यालाही सुचायची नाही!